जनुक मुकं होतं तेव्हा



मी कोड लिहितो. कोडमधली ओळ न खोडताही बंद करता येते. तिच्यापुढे खूण करायची. ओळ राहते, पण चालत नाही. आपल्या पेशींतही असंच घडतं. डीएनएवर मिथाइल नावाचा छोटा रासायनिक गट चिकटतो आणि जनुक मुकं होतं. गाठ रोखणारी जनुकं मुकी झाली, की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

या कर्करोगामागे जवळपास नेहमी एचपीव्ही विषाणू असतो. पण बहुतेकींच्या शरीरातून तो आपोआप निघून जातो. म्हणून एचपीव्ही सापडणं म्हणजे कर्करोग नव्हे, आणि चारित्र्याचा दाखला तर मुळीच नव्हे. खरा धोका कुणाला, हे मिथाइलच्या खुणांवरून ओळखणाऱ्या चाचण्या निघाल्या आहेत. आपल्या वाशीमसारख्या ठिकाणी त्या अजून रोजच्या वापरात नाहीत.

पण थांबायचं कारण नाही. टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने धाराशिव जिल्ह्यातल्या गावांत केलेल्या अभ्यासाचा निकाल २००९ मध्ये आला. एकदाच एचपीव्ही तपासणी देऊ केलेल्या सुमारे ३४ हजार स्त्रियांत या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले; तपासणी न दिलेल्या सुमारे ३१ हजारांत ६४.

सरकारी आरोग्य कार्यक्रमात तिशीपुढच्या स्त्रियांसाठी गर्भाशयमुखाची साधी तपासणी आहे. आज घरी अम्मीला, खालाला, आपाला विचारा, "तपासणी झाली का?" नसेल, तर शरमेपोटी विषय टाळू नका. सोबत जा.