उलव्याची धूळ आणि डोळ्यांची आखणी



गरम पाण्यानं आंघोळ झाली की न्हाणीघरातला आरसा वाफेनं धूसर होतो. उद्या सकाळी त्याच्यासमोर सरळ उभं राहा, एक डोळा मिटा आणि आरशातल्या चेहऱ्याची कड बोटानं गिरवा. मग ती आकृती मोजून बघा. तुमच्या चेहऱ्याच्या निम्मी भरेल. हात पोचेल इतकं मागं सरून पुन्हा गिरवलीत, तरी निम्मीच. मी चित्रकला शिकवते, आरशात रोज बघते. पण आरशाच्या काचेवर आपला चेहरा निम्म्या मापाचा असतो, हे मला आत्मचित्र काढायला बसले तेव्हा कळलं.

आरसा समोर ठेवून स्वतःला रेखाटण्याची रीत जुनी आहे. जर्मनीतल्या आल्ब्रेख्त ड्यूररनं १४८४ साली, तेरा वर्षांचा असताना, आरशात बघून चांदीच्या टोकानं आपला चेहरा काढला. तो कागद व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आजही आहे. चांदीची रेघ खोडता येत नाही. एकदा उमटली की उमटली. तेरा वर्षांच्या पोरानं ती जोखीम घेतली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता मुंबईत या. १९९४ साली अतुल दोडिया यांनी ‘द बॉम्बे बकनीअर’ हे आत्मचित्र रंगवलं. त्यात ते ‘बाजीगर’ सिनेमाच्या पोस्टरमधल्या नायकाच्या थाटात आहेत आणि गॉगलच्या दोन काचांत त्यांचे दोन आवडते चित्रकार दिसतात, भूपेन खक्कर आणि डेव्हिड हॉकनी. सिनेमाच्या पोस्टरची धाटणी आणि हातानं लावलेला रंग एकाच कॅनव्हासवर नांदू शकतात, हे त्या चित्रानं दाखवलं. पुढं त्याच हॉकनींनी सत्तरी ओलांडल्यावर, २००९ साली आयफोनवर आणि २०१० पासून आयपॅडवर चित्रं काढायला घेतली. स्वतःचा चेहराही काढला. आपल्या नलिनी मलानी यांनी आयपॅडवर बोटानं रेखाटून चलचित्रं केली. तेव्हा पडद्यावर काढलेलं चित्र खरं की खोटं, हा वाद आता पुरे. मला प्रश्न वेगळा पडतो. कुठलं काम हाताला द्यायचं आणि कुठलं यंत्राला?

माझ्यापुरतं त्याचं उत्तर मला नवी मुंबईतल्या उलव्यात, माझ्या घरीच सापडलं.

आमच्या घराची खिडकी उत्तरेला आहे. चित्रकाराला उत्तरेचा उजेड आवडतो, दिवसभर तो फारसा बदलत नाही. त्या खिडकीतून उलव्याची टेकडी दिसायची, सुमारे ९० मीटर उंच. नवी मुंबई विमानतळासाठी ती सुरुंग लावून कापली, दहा गावांना आपली जागा सोडावी लागली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं उडू लागली. टेकडी फुटत होती, त्या दिवसांत खिडकीच्या कट्ट्यावर रोज राखाडी धूळ साचायची. काळ्या कातळाची ती भुकटी. एकदा पुसता पुसता हात थांबला. मी ती एका बरणीत भरून ठेवली.

माझं आत्मचित्र असं झालं. आधी आरशासमोर बसून कोळशानं जाड कागदावर चेहरा काढला. चाळीस मिनिटं. नाक दोनदा चुकलं, खोडलं, पण खोडल्याची सावली कागदावर राहिली. ती मी राहू दिली. मग त्याच खिडकीच्या उजेडात कागदाचा फोटो घेऊन तो टॅब्लेटवर उघडला. त्याच्या खालच्या लेअरवर टेकडीचा जुना फोटो ठेवला. वरचा लेअर ‘मल्टिप्लाय’वर टाकला की कागदाचा पांढरा नाहीसा होतो, कोळशाच्या काळ्या रेघा तेवढ्या राहतात. माझ्या कपाळामागून टेकडीचा माथा वर आला. नसलेली टेकडी परत आणणं कोळशाला जमलं नसतं, निदान माझ्या हातून नाही.

तिथंच एक गंमत दिसली. ताळा बघावा म्हणून माझा एक फोटो चित्रावर ठेवला, तर काहीच जुळेना. भांग उलट्या बाजूला. आरशातली मी आणि लोकांना दिसणारी मी, अशा दोघी समोरासमोर आल्या. मी आरशातलीच ठेवली. तिला मी जास्त ओळखते.

मग ए३ आकाराच्या सुती कागदावर छपाई केली. ३०० डीपीआयला त्यासाठी ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल लागतात. माझे विद्यार्थी चॅटवरून आलेला फोटो छापायला नेतात आणि तो फुटतो. चॅटवर फोटो आकसतो, मुलांनो, मूळ फाइलच न्या. छपाई दिवसभर वाळू दिली. बरणीतली धूळ मलमलीतून चाळली, डिंकाच्या पाण्यात कालवली आणि खांद्यांवर कुंचल्यानं लावली. बोट फिरवलं तर ती अजून खरखरीत लागते.

डोळे मात्र मी छापलेच नव्हते. ती जागा टॅब्लेटवर मुद्दाम कोरी ठेवली होती.

हे मी पेणकडून शिकले. पेण आमच्याच रायगड जिल्ह्यातलं. तिथल्या गणपतीच्या कारखान्यांत अंगाचा रंग आता कॉम्प्रेसरवरच्या स्प्रेनं मारतात आणि त्यात काही वावगं नाही. एका कारखान्यात मी तासभर उभी होते. स्प्रे बंद झाला, एक वयस्कर कारागीर पुढं सरकला, डाव्या हातावर उजवा टेकवला, श्वास रोखला आणि बारीक कुंचल्यानं डोळ्याची रेघ ओढली. याला डोळ्यांची आखणी म्हणतात. आखणी होईपर्यंत समोर नुसती मूर्ती होती. आखणी झाल्यावर ती आपल्याकडे बघू लागली.

माझे डोळेही मी तसेच शेवटी, आरसा पुन्हा समोर घेऊन, हातानं काढले. डावा किंचित तिरका आला आहे. आता तो तसाच राहणार, कारण छापलेल्या कागदावर मागं जायचं बटण नाही.

श्रोतेहो, तुमच्या घरात आरसा आहे, पेन्सिल आहे, खिशात फोन आहे. या रविवारी फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि वीस मिनिटं आरशासमोर बसून स्वतःला काढा. मग खुशाल त्याचा फोटो घ्या, त्यावर रंग चढवा, तुमचं गाव मागं आणा, छापा. फक्त डोळ्यांची जागा कोरी सोडा आणि ते शेवटी स्वतःच्या हातानं काढा.