रुसलेला रहाट

जुनी नौका घेणाऱ्यानें नांगर उचलण्याचा विजेचा रहाट बंदरांतच पारखावा. वादळी रात्रीं नांगर घसरूं लागल्यावर ती सवड मिळत नाहीं. कळ दाबतांच ‘टक्’ असा आवाज होतो, पण रहाट फिरत नाहीं. तेव्हां मोटर जळाली असें मानण्याची घाई करूं नये. रहाट स्वस्थ असतां तारेच्या टोंकाशीं १२ व्होल्ट दिसतात, ते फसवे. भार पडतांच सुमारें ८० अँपिअर प्रवाह वाहूं लागतो, आणि गंजलेल्या सांध्याचा ०.०३ ओहम रोधही २.४ व्होल्ट गिळतो. यास्तव हात साखळीपासून दूर ठेवून, कळ दाबलेली असतांनाच, प्रत्येक सांध्यावर किती दाब खर्ची पडतो तें मोजावें. दोषी सांधा बॅटरी तोडून घासावा व घट्ट आवळावा. पूर्ण दाब पोंचूनही मोटर फिरली नाहीं, तरच ती उघडावी.