होडीचा कणा

काही वर्षांमागे, पावसाळा नुकताच सरला होता तेव्हा, मी कोकणातली एक खाडी लाँचने ओलांडीत होतो. पलीकडचा धक्का जवळ आला, तांडेलाने इंजिन मंद केले, आणि वाऱ्याने लाँच अशी बाजूला ढकलली की ती धक्क्याच्या खांबावर आदळली. एक म्हातारी बाकावरून खाली पडली. उतारू तांडेलावर तुटून पडले. तो मला एवढेच म्हणाला, "मास्तर, हिला खाली धरायला काय नाय. वारा नेईल तिकडं जाते."

त्याचे म्हणणे अगदी खरे होते. होडीच्या तळाशी पुढून मागपर्यंत जे जाड लाकूड जाते, तो तिचा कणा. कोकणातले सुतार त्याला पठाण म्हणतात. हा कणा तळाखाली पाण्यात उतरलेला असला, म्हणजे काय होते? घरी करून पाहा. एक फळी हौदात उभी धरा आणि लांबीच्या दिशेने ओढा. सुरीसारखी जाते. आता तीच आडवी ढकला. हात भरून येतो. कणाही तसाच. पुढे जाऊ देतो, बाजूला घसरू देत नाही.

शिडाच्या होडीला तो हवाच, कारण वारा बाजूचा. 1950 नंतर आपल्या किनाऱ्यावर होड्यांना इंजिने बसू लागली, आणि इंजिन असले म्हणजे कण्याचे काय काम, असे काहींना वाटते. पण सुकाणू चालते ते त्यावरून पाणी वाहते म्हणून. इंजिन मंदावले की सुकाणू दुबळे, आणि वारा मात्र तेवढाच! वळतानाही सपाट तळाची होडी ओल्या रस्त्यावरच्या सायकलीसारखी मागून घसरते.

मग कणा हवा तेवढा खोल करावा का? तसेही नाही. फार खोल कण्याची होडी वळायला जड. वेगात एकदम वळवली, तर पाणी खाली कण्याला अडवते, वरचे वजन बाहेर जाऊ पाहते, आणि होडी बाहेरच्या अंगाला कलंडते.

खोली किती, याहूनही ती कुठे आहे हे मोठे. बाणाला पिसे मागे असतात, टोकाला नव्हे! नाळेखाली खोल आणि मागे उथळ अशी होडी खाडीच्या मुखाशी, वाळूच्या दांड्यावर, मागून लाट आली की फसते. लाट मागचा भाग उचलते, नाळ पाण्यात रुतते, तिच्याभोवती होडी गर्रकन फिरून आडवी होते. पुढची लाट तिला उलटी करते.

अमेरिकेत रेमंड हंट यांनी हे ओळखून तळच व्हीसारखा उतरता केला, तोही अगदी मागच्या टोकापर्यंत. त्यांच्या आराखड्याची 'मॉपी' 1960 साली खवळलेल्या समुद्रात मायामी ते नॅसॉ शर्यत जिंकली. वेगाच्या बोटींची घडण तेव्हापासून पालटली. पण असा तळ थांबला की डुलतो, इंजिनही जोराचे मागतो. वाळूवर ओढायच्या होडीला तो कसा परवडावा?

पुढच्या खेपेला ती लाँच काठावर चढवलेली दिसली. सुतार मागच्या अर्ध्या तळाखाली एक उभी फळी ठोकीत होता. किती खोल, म्हणून विचारले. त्याने वीत उघडून दाखवली. "याहून जास्त नको मास्तर, ओहोटीला धक्क्यापाशी रुतेल."