सेल्फ मारल्यावर काय ऐकू येतं?

मुंबई-आग्रा महामार्गावर, सोनगीरजवळ, भर वैशाखात जुनी कार्बोरेटरची मारुती ८०० बंद पडली, तर लगेच धक्का मारायला माणसं गोळा करू नका. आधी किल्ली फिरवा आणि कान द्या.

नुसतीच ‘टक-टक-टक’ आली, दिवे मंदावले, तर बॅटरी उतरलीय, नाहीतर टर्मिनल सैल आहे. सोनगीर हे तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. हिरवा कळंक म्हणजे काय, हे इथल्या तांबटांना सांगायला नको. तसाच पांढरट-हिरवा थर टर्मिनलवर चढतो आणि करंट अडवतो. आधी निगेटिव्ह वायर सोडवा, गरम पाण्यानं थर धुवा, कोरडं पुसून घट्ट बसवा, वर व्हॅसलिन लावा. इंजिन चालू असताना मीटर १४ व्होल्टच्या आसपास दाखवत नसेल, तर दोष अल्टरनेटरचा किंवा सैल पट्ट्याचा. मग नवी बॅटरीही चार दिवसांत बसेल.

सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही? प्लग काढून बघा. पेट्रोलनं ओला, तर बहुधा ठिणगी पडत नाही. कोरडा, तर पेट्रोलच येत नाही. आपल्या खानदेशी उन्हात पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते अन् पंप नुसती वाफ ओढत बसतो. पंपावर ओलं फडकं टाका, लिंबाच्या सावलीत अर्धा तास थांबा. जुन्या ड्रायव्हरांच्या या युक्तीवर माझा तरी पूर्ण भरवसा आहे.

निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरा थांबतच नसेल, तर हेड गॅस्केट तपासून घ्या. तापलेल्या रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका.