पडद्याचें माप



आमचें कुही हें नागपूर जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. नागपूर-नागभीड ही अरुंद मापाची आगगाडी पिढ्यान्‌पिढ्या याच गांवावरून जात असे. २०१९ सालीं रूळ रुंद करावयाचे म्हणून ती थांबविण्यांत आली, तेव्हां शाळेंतील एका मुलानें मला विचारलें होतें, "गुरुजी, हेच डबे मोठ्या रुळावर ठेवले तं नाही चालत का?" मीं म्हटलें, "बाळा, डबाहि धड आहे आणि रूळहि धड आहे. पण एकाचें माप ७६२ मिलिमीटर आणि दुसऱ्याचें १६७६. मोडलेलें कांहीं नाहीं. जुळत मात्र नाहीं."

लिनक्स ही प्रणाली घातलेल्या लॅपटॉपचा पडदा एकाएकीं वेडावांकडा दिसूं लागला, अक्षरें अवाढव्य झालीं, खिडक्यांचीं टोकें पडद्याबाहेर गेलीं, म्हणजे हेंच उत्तर ध्यानांत ठेवावें असें मला आज सांगावयाचें आहे. अशा वेळीं यंत्र मोडलें असें समजून माणूस घाबरतो, आणि त्या भीतीपायीं खिशाला नसता खड्डा पडतो. बहुतेक वेळां मोडलेलें कांहींच नसतें. कोठें तरी माप जुळत नसतें. तें कोठें, हें शोधण्याची वाट सरळ आहे. मी मात्र पुष्कळ आडवाटांनीं फिरून मग तिला लागलों.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० या प्रणालीचा मोफत आधार संपला. पुढच्या विंडोज ११ च्या अटी पुष्कळशा जुन्या यंत्रांना पुऱ्या करतां येत नाहींत. तेव्हां चांगल्या चालत्या लॅपटॉपवर लिनक्स घालून घेणें हा मार्ग अनेकांनीं पत्करला. आमच्या शेजारच्या शेतकऱ्यानें आपल्या मुलीसाठीं घेतलेला जुना लॅपटॉपहि असाच एका दुकानांतून लिनक्स होऊन आला. आठ दिवसांनीं मुलगी तो घेऊन माझ्या ओसरीवर आली. "गुरुजी, पाहा नं, अक्षरं केवढाली झाली! खालचं बटनच दिसून नाही राहिलं." मागोमाग तिचा बापहि आला. "दुकानवाला म्हणते का कार्ड गेलं, नवीनच घ्या लागते." मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत तीन दिवसांवर आली होती, आणि अर्ज सादर करण्याचें बटण पडद्याच्या खालीं कोठें तरी दडलें होतें.

येथें पहिला धडा असा, कीं आधीं अडलेलें काम उरकावें, दुरुस्ती मागून करावी. कंट्रोल ही कळ दाबून धरली आणि वजाचें चिन्ह दोन-तीन वेळां दाबलें. पानावरील मजकूर लहान झाला, बटण वर आलें, अर्ज गेला. बापाच्या चेहऱ्यावरचा ताण तेवढ्यानें उतरला. परंतु नव्या यंत्राच्या खर्चाचें ओझें अजून डोक्यावर होतेंच.

आतां हा पडदा बिघडतो म्हणजे काय होतें तें पाहूं. पडद्यावरील चित्र बारीक ठिपक्यांचें असतें. त्या लॅपटॉपच्या पडद्यावर प्रत्येक ओळींत १३६६ ठिपके व अशा ७६८ ओळी होत्या; म्हणजे एकंदर १०,४९,०८८ ठिपके. ठिपक्यांच्या या मापाला रिझोल्यूशन म्हणतात. यंत्र मात्र ८०० बाय ६०० या मापानें, म्हणजे ४,८०,००० ठिपक्यांचें चित्र काढीत होतें. निम्म्याहूनहि कमी ठिपके साऱ्या पडद्यावर ताणले, तर अक्षरें फुगणार आणि पुसट होणारच. इंग्रजी अक्षर त्यांतूनहि कसेंबसें वाचतां येतें. पण देवनागरींतील अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरें यांचा पार चिखल होतो.

या व्यवहारांत तिघांचा संबंध येतो: पडदा, चित्र तयार करणारें ग्राफिक्स कार्ड, आणि त्या कार्डाला राबविणारा ड्रायव्हर. पडदा आपलें माप स्वतःच सांगतो. ई-डी-आय-डी नांवाची ही माहितीची चिठ्ठी १९९४ सालीं ठरलेल्या नियमांप्रमाणें पडद्याच्या पोटांतच असते. तिचा मूळ भाग अवघ्या १२८ बाइटचा. ड्रायव्हर म्हटला म्हणजे आमच्याकडे एस. टी. चा ड्रायव्हरच डोळ्यांपुढें येतो, आणि ती उपमा चुकीची नाहीं. गाडी कितीहि उत्तम असली तरी तिचे गिअर ज्याला ठाऊक, तोच ती घाटांतून नेऊं शकतो. येथें ड्रायव्हर म्हणजे एक प्रोग्रॅम असतो. तो पडद्याची चिठ्ठी वाचतो आणि कार्डाकडून त्या मापाचें चित्र काढवून घेतो. तो जागेवर नसेल तर यंत्र अगदींच बंद पडत नाहीं. कोणत्याहि कार्डावर चालेल असा एक साधा, कामचलाऊ प्रकार पुढें होतो आणि ठरीव मापाचें चित्र दाखवितो.

हें सर्व मला आज ठाऊक आहे. त्या दिवशीं नव्हतें. मीं पडद्यालाच दटावण्याचें ठरविलें. एक्स-रँडआर नांवाच्या आज्ञेनें हवें तें माप लादतां येतें असें ऐकलें होतें, म्हणून प्रथम सी-व्ही-टी या आज्ञेस १३६६ मापाचा हिशेब विचारला. तिनें उत्तर दिलें १३६८! मला वाटलें आंकडा चुकला. पुन्हां लिहिला, पुन्हां १३६८. पुढें कळलें, कीं ती आज्ञा आडवें माप ८ च्या पटींतच मोजते, आणि १३६६ ला ८ नें नि:शेष भाग जात नाहीं. तें माप लादूं गेलों तर यंत्रानें साफ नकार दिला. मग एका अनोळखी ठिकाणचा ड्रायव्हर, वाचून न पाहतां, यंत्रांत घातला. परिणाम असा झाला, कीं होता तो पडदाहि गेला आणि काळोख उरला. कंट्रोल, आल्ट आणि एफ-३ या कळा एकत्र दाबल्या तेव्हां अक्षरांचा साधा पडदा उघडला, आणि तेथून तो ड्रायव्हर काढून टाकला म्हणून निभावलें. मुलगी शेजारीं बसून सारें पाहत होती. ती हळूच म्हणाली, "गुरुजी, आपण काय काय केलं, तं लिहून ठेवू का?" पन्नास मुलांच्या वह्या तपासलेल्या माणसाला ही गोष्ट मुलीनें सुचवावी!

दुसऱ्या दिवशीं वही घेऊन क्रमानें चाललों. पहिला प्रश्न: यंत्र धड आहे काय? लिनक्स पेनड्राइव्हवरून, यंत्रांतील कशालाहि हात न लावतां चालवून पाहतां येतें. तसें पाहिलें तर चित्र स्वच्छ आणि पुऱ्या मापाचें! म्हणजे पडदा धड, कार्डहि धड. "नवीनच घ्या लागते" हा निकाल तेथेंच रद्द झाला.

दुसरा प्रश्न: कार्ड कोणतें, आणि त्याचा ड्रायव्हर कामावर आहे काय? टर्मिनलमध्यें एल-एस-पी-सी-आय हीं अक्षरें जोडून लिहावीं, जागा सोडून वजाचें चिन्ह व त्यास लागून के लिहावें. जी यादी येते तींत 'व्ही-जी-ए' अथवा 'डिस्प्ले' या शब्दाची ओळ शोधावी. तिच्याखालीं 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' असें लिहून ड्रायव्हरचें नांव येतें. इंटेलच्या कार्डास बहुधा आय-९१५, ए-एम-डीच्या कार्डास ए-एम-डी-जी-पी-यू किंवा जुन्यास रेडिऑन, एनव्हिडियाच्या कार्डास नूव्हो किंवा एनव्हिडिया. इंटेल आणि ए-एम-डी यांचे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यांतच असतात, ते बाहेरून आणावे लागत नाहींत. मीं आदल्या दिवशीं आणावयास गेलों होतों तो घरांतच होता! आमच्या यादींत कार्ड इंटेलचें दिसलें, परंतु ड्रायव्हरची ओळच नव्हती. ड्रायव्हर घरांत, पण कामावर नाहीं.

तेव्हां तिसरा प्रश्न: त्याला कोणी अडविलें? २००९ सालापासून पडद्याचें माप ठरविण्याचें काम लिनक्सचा गाभा स्वतः करूं लागला. एखाद्या यंत्रावर तें बिनसलें तर तात्पुरता उपाय म्हणून गाभ्याला "तूं यांत पडूं नकोस" असें सांगतां येतें. त्यासाठीं 'नोमोडसेट' हा शब्द आरंभींच्या आज्ञेंत घालतात. लिनक्स घालतांना 'सेफ ग्राफिक्स' किंवा तत्सम पर्याय निवडला म्हणजे हाच शब्द वापरला जातो. हें पथ्य तापापुरतें. ताप उतरल्यावर रोग्याला जेवूं घातलें पाहिजे. आमच्या यंत्रांत तो शब्द कायमचा राहून गेला होता.

तो काढतांना आधीं परीक्षा घ्यावी. यंत्र सुरू होतांना ग्रब नांवाची यादी येते. ती न दिसल्यास जुन्या यंत्रांत शिफ्ट, नव्यांत एस्केप दाबावें. यादींत ई ही कळ दाबून 'नोमोडसेट' खोडावा व एफ-१० दाबावें. हा बदल त्या एका खेपेपुरताच असतो. बिघडलें तर यंत्र बंद करून पुन्हां सुरू केलें कीं झालें. चित्र नीट आलें, तरच ईटीसीमधील डिफॉल्ट या कप्प्यांतल्या ग्रब नांवाच्या फाइलींतून तो शब्द कायमचा काढावा आणि उबंटू, मिंट किंवा डेबियन असेल तर 'सुडो अपडेट-ग्रब' ही आज्ञा द्यावी. आम्हीं ई दाबून तो शब्द खोडला. क्षणभर काळोख झाला, माझ्या छातींत धस्स झालें, आणि मग सारा पडदा १३६६ बाय ७६८ मापाचा, रेखीव, उघडला. मुलीनें वहींत तारीख घातली.

एनव्हिडियाच्या कार्डाची गोष्ट थोडी निराळी आहे. त्या कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर बहुधा वेगळा घालावा लागतो. तो आपल्या लिनक्सबरोबर मिळणाऱ्या ड्रायव्हर मॅनेजरमधूनच घ्यावा. फार जुन्या कार्डांचा आधार कंपनीनें थांबविलेला आहे. ३९० या मालिकेचा २०२२ च्या अखेरीस थांबला. अशा कार्डास नूव्होवरच समाधान मानावें. आणि अद्ययावत् केल्यावर पडदा गेला, तर ग्रबच्या यादींत मागचा गाभा निवडून पाहावा. तो बहुधा तेथें राखलेला असतो.

वडीलधाऱ्या श्रोत्यांसाठीं एक सूचना. अक्षर बारीक दिसतें म्हणून कित्येक जण रिझोल्यूशन कमी करतात. तसें करूं नये. माप पडद्याचें मूळचें तेंच ठेवावें आणि सेटिंग्जमध्यें स्केलिंग किंवा अक्षराचा आकार वाढवावा. अक्षर मोठेंहि होतें आणि स्पष्टहि राहतें.

तो लॅपटॉप आज चालू आहे. त्याच्या पिशवींत ती वही असते, आणि तिच्या पहिल्या पानावर मुलीनें आपल्या अक्षरांत तीन ओळी लिहिल्या आहेत: यंत्र धड आहे का? ड्रायव्हर कामावर आहे का? त्याला कोणी अडवलं? खालीं चौथी ओळ माझ्यासाठीं आहे: एका वेळीं एकच गोष्ट बदलणे. आपल्या घरीं असा प्रसंग आला, तर दुकानाची वाट धरण्यापूर्वीं एवढे तीन प्रश्न त्या यंत्राला जरूर विचारून पाहावेत.