इंजिन बदलताना



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही 'जुन्या स्पोर्ट्स मोटारीचे इंजिन बदलणे' असे सांगितले. ते क्षणभर आमच्याकडे पाहतच राहिले. मग हळूच म्हणाले, "हा विषय गॅरेजातला नव्हे का?" त्यांची शंका रास्त होती. कालच याच व्यासपीठावरून आपण संतवाङ्मयावर रसाळ व्याख्यान ऐकलेत, आणि आज आम्ही पाने-पकडी घेऊन उभे! परंतु या गॅरेजातल्या विषयात एक प्रश्न दडलेला आहे, तो मोटार नसलेल्या माणसालाही लागू पडतो. एखाद्या गोष्टीचे सामर्थ्य वाढवायचे, तर तिच्याबरोबर आणखी काय काय वाढवावे लागते? या प्रश्नाचे उत्तर आम्ही पुस्तकात वाचले होते. ते पटले मात्र एका अपघातानंतर. तो अपघात पुढे सांगूच.

प्रथम स्पोर्ट्स मोटार म्हणजे काय ते पाहू. ती शर्यतीचीच मोटार असते असे नाही. बहुधा दोनच माणसांची, बुटकी, हलकी, वळणावर रस्त्याला चिकटून जाणारी आणि चालवणाऱ्याला आनंद देणारी अशी ती मोटार. अशी मोटार चाळीस-पन्नास वर्षांची झाली की तिचे इंजिन थकते. पिस्टनच्या कड्या झिजतात, तेल जळू लागते, मागून निळा धूर निघतो. मालकापुढे दोन मार्ग असतात. एक, तेच इंजिन उघडून, सिलिंडर घासून, नवे पिस्टन घालून पुन्हा उभे करणे. दुसरा, ते काढून दुसरे, अधिक ताकदीचे इंजिन बसवणे. पहिला मार्ग वैद्याचा आहे, दुसरा शल्यविशारदाचा. आणि शस्त्रक्रियेचे आकर्षण माणसाला फार!

या दुसऱ्या मार्गाचा सर्वांत बोधप्रद इतिहास इंग्लंडातील एका मोटारीचा आहे. तिचे नाव एम.जी.बी. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावच्या कारखान्यात ती १९६२ पासून १९८० पर्यंत तयार झाली, आणि सगळे प्रकार धरून पाच लाखांहून अधिक निघाल्या. इंजिन चार सिलिंडरांचे, १७९८ सी.सी.चे, बिडाचे, ताकद सुमारे ९५ अश्वशक्ती. मोटार गोंडस आणि विश्वासू, परंतु लोक म्हणू लागले, "हिला थोडा जोर हवा होता." या मागणीला दोन वेळा उत्तर दिले गेले, आणि ती दोन उत्तरे शेजारी शेजारी ठेवली की आमचे निम्मे व्याख्यान होऊन जाते.

पहिले उत्तर १९६७ चे. कारखान्याने त्याच मोटारीत सहा सिलिंडरांचे, जवळजवळ तीन लिटरचे बिडाचे इंजिन बसवले आणि तिला एम.जी.सी. म्हटले. ताकद १४५ अश्वशक्ती. इंजिन लांब आणि उंच, म्हणून बॉनेटला फुगवटा काढावा लागला. पुढच्या स्प्रिंगांची जुनी रचना आड येऊ लागली, म्हणून तिथे पिळाच्या दांड्या आणाव्या लागल्या. इतके करूनही पुढच्या बाजूचे वजन सुमारे ९५ किलोंनी वाढले ते वाढलेच. म्हणजे एक धडधाकट माणूस कायमचा मोटारीच्या नाकावर बसवल्यासारखे झाले. सरळ रस्त्यावर ती उत्तम धावे. परंतु वळणावर नाक जड, मोटार सरळच जाऊ पाहते, अशी टीका मोटारविषयक नियतकालिकांनी केली. १९६९ साली ती बंद पडली. एकंदर सुमारे नऊ हजार निघाल्या.

दुसरे उत्तर प्रथम कारखान्याने दिलेच नाही. केन कॉस्टेलो नावाच्या एका शर्यतपटू कारागिराने ते दिले. अमेरिकेत ब्यूक मोटारीसाठी १९६१ साली ॲल्युमिनियमचे एक आठ सिलिंडरांचे इंजिन निघाले होते. तिकडे ते लवकरच टाकून देण्यात आले, आणि इंग्लंडातील रोव्हर कंपनीने १९६५ साली त्याचे हक्क घेतले. हे साडेतीन लिटरचे इंजिन आकाराने दुप्पट, पण धातू हलका असल्यामुळे वजनाने एम.जी.बी.च्या जुन्या बिडाच्या इंजिनाच्या जवळपासच! कॉस्टेलोने ते एम.जी.बी.त बसवून विकावयास आरंभ केला. त्याच्या मोटारी पाहून कारखान्याने १९७३ साली स्वतःची एम.जी.बी. जी.टी. व्ही-८ काढली.

आता आकडे पाहा. एम.जी.सी.ची ताकद १४५ अश्वशक्ती, या व्ही-८ ची १३७. म्हणजे ताकद आठ अश्वशक्तींनी कमीच. तरीही वळणावर हिचा तोल सुटत नव्हता आणि जाणकारांच्या प्रशंसेची माळ हिच्याच गळ्यात पडली. व्यापारात मात्र दैव आडवे आले. मोटार ऑगस्टमध्ये निघाली आणि ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेलाची नाकेबंदी केली. १९७६ पर्यंत अवघ्या २५९१ मोटारी निघाल्या. तेव्हा विक्रीने एम.जी.सी. पुढे, हे आम्ही लपवीत नाही; परंतु आपला प्रश्न तोलाचा आहे, गल्ल्याचा नाही.

या दुसऱ्या मोटारीत नुसते इंजिन हलके होते म्हणून साधले, असेही नाही. कारखान्याने काय काय बदलले ते ऐका. कार्ब्युरेटर इंजिनाच्या डोक्यावर न ठेवता मागे सरकवले, म्हणून बॉनेट न फुगवता बंद होऊ लागले. अधिक उष्णता निघणार, म्हणून रेडिएटरपुढे विजेचे दोन पंखे लावले. मागच्या आसाचे दाते बदलले. जुन्या मोटारीत चाकाच्या एका फेऱ्यास इंजिनाकडचा दांडा सुमारे ३.९ फेरे घेई, नव्यात सुमारे ३.१ घेऊ लागला. तरणे, दमदार बैल जुंपल्यावर त्यांना तुरुतुरु पळवायचे नसते, लांब पावले टाकू द्यायची असतात. त्यातलाच हा प्रकार. आणि शेवटी सर्वांत महत्त्वाचे, पुढच्या ब्रेकच्या तबकड्या जाड केल्या आणि त्यांना धरणारे चिमटे मजबूत केले.

श्रोतेहो, इथे आमच्या कबुलीजबाबाची जागा येते.

काही वर्षांपूर्वी आम्ही इंग्लंडात मुलाकडे राहावयास गेलो होतो. शेजारचे गृहस्थ मूळचे सातारकडचे, तिकडे जाऊन त्यांना तीस वर्षे झालेली. त्यांच्यापाशी १९७१ ची एम.जी.बी. होती. इंजिन थकले, धूर येऊ लागला, आणि त्यांनी मोडीच्या बाजारातून रोव्हरचे आठ सिलिंडरांचे इंजिन आणले. आम्ही जन्मभर यंत्रांत वावरलेले. शनिवार-रविवार त्यांच्या हाताशी हात लावू लागलो. जुने इंजिन दोन दिवसांत निघाले. नवे चौथ्या दिवशी साखळीवरून खाली उतरले, तेव्हा आम्ही दोघांनी चहा घेऊन काम संपल्याचा आनंद केला. परंतु हत्ती गेला होता आणि शेपूट राहिले होते. एग्झॉस्टचे नळे चौकटीला घासू लागले, स्टिअरिंगचा दांडा आड आला, रेडिएटर पुरेना, तारा जुळेनात. त्या शेपटाने पाच महिने घेतले आणि गृहस्थांची शिल्लकही घेतली. यादीत शेवटचे कलम ब्रेकचे होते. ते म्हणाले, "ब्रेक पुढच्या महिन्यात पाहू." आम्ही तिथेच उभे होतो, स्वतःला इंजिनियर म्हणवीत होतो, आणि गप्प राहिलो.

पुढच्या रविवारी ते कन्येला शेजारी बसवून फिरावयास निघाले. पाऊस पडून गेलेला, रस्ता उताराचा. उतारावर पुनःपुन्हा ब्रेक दाबून जुन्या तबकड्या तापल्या. एका वळणापुढे शेताच्या फाटकातून ट्रॅक्टर बाहेर आला. त्यांनी पूर्ण जोराने ब्रेक दाबला. पण तापलेल्या ब्रेकने पकड घेतली नाही. मोटार कुंपणात शिरली. त्यांना खरचटले, मुलीचे मनगट मोडले. याहून अधिक काही झाले नाही ही परमेश्वराची कृपा. मुलगी आज धडधाकट आहे आणि त्या प्रसंगावर हसतेही. आम्हांस मात्र अजून हसू येत नाही. कारण तो दोष इंजिनाचा नव्हता, ट्रॅक्टरवाल्याचा नव्हता. तो त्या गृहस्थांचा होता आणि आमच्या मौनाचा होता.

त्याचे गणित शाळेतल्या मुलालाही सांगता येईल. धावणाऱ्या वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. वेग दीडपट झाला तर ती थांबवण्याचे काम सव्वादोनपट होते; वेग दुप्पट झाला तर चौपट. हे सारे काम ब्रेकच्या तबकड्यांना उष्णतेच्या रूपाने गिळावे लागते. जोर आज घ्यावा आणि आवर पुढच्या महिन्यावर टाकावा, हा व्यवहार गणितात बसत नाही.

इथे कोणी म्हणेल, "इतके जपून वागले असते तर कोब्रा जन्मास आली असती काय?" आक्षेप चांगला आहे. टेक्ससचा कॅरल शेल्बी १९५९ साली ल मान्सची शर्यत जिंकला होता. हृदयविकारामुळे त्याला शर्यती सोडाव्या लागल्या. इंग्लंडातील ए.सी. कंपनीच्या 'एस' नावाच्या हलक्या, देखण्या मोटारीत त्याने १९६२ साली फोर्डचे आठ सिलिंडरांचे इंजिन घातले, आणि ती कोब्रा जगभर गाजली. परंतु तिचाही पुढला इतिहास पाहावा. मागचे डिफरन्शियल आरंभीच बळकट करावे लागले. मग स्टिअरिंगची रचना बदलावी लागली. आणि सात लिटरचे इंजिन घालण्याची वेळ आली तेव्हा १९६५ साली जुन्या पट्ट्यांच्या कमानी टाकून, जाड नळ्यांची नवी चौकट आणि गुंडाळी स्प्रिंगा आणाव्या लागल्या. म्हणजे धाडसी माणसानेही शेवटी तेच बिल चुकते केले.

आता विजेचे युग आले आहे, तेव्हा जुन्या मोटारीत विजेची मोटर बसवण्याची चालही आली. २०१७ साली जॅग्वार कंपनीने एक नमुना दाखवला. या कंपनीला २००८ साली आपल्या टाटा मोटर्सने विकत घेतले, हे आपण जाणताच. १९६८ च्या ई-टाइप मोटारीत इंजिनाच्या जागी बॅटऱ्या आणि गिअरबॉक्सच्या जागी विजेची मोटर बसवली होती. त्यातली आम्हांस आवडलेली गोष्ट ही, की बॅटऱ्यांचा गठ्ठा जुन्या इंजिनाएवढ्याच आकारमानाचा आणि वजनाचा केला होता. त्यामुळे मूळ सांगाडा, स्प्रिंगा आणि ब्रेक होते तसेच ठेवता आले. आणि उद्या कोणाला वाटले तर जुने इंजिन पुन्हा बसवताही येईल अशी तजवीज ठेवली होती. पाहुण्याने घराच्या भिंती न पाडता राहावे, तसे हे झाले.

आपल्याकडेही ही विद्या अपरिचित नाही. पेट्रोलच्या जुन्या जीपगाड्यांत डिझेलची इंजिने बसवणारे मेस्त्री आपणांपैकी अनेकांनी पाहिले असतील. परंतु कायदा ध्यानात ठेवावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करू देत नाही, तेव्हा आर.टी.ओ.ला विचारल्यावाचून पाना हाती घेऊ नये. शिवाय २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या वाहनाला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते ती मूळ रूप राखले असेल तरच. इंजिन बदलले की तो मान हातचा जाण्याचा संभव आहे.

मग बदलूच नये काय? आम्ही तसे म्हणत नाही. ज्याला बदलावयाचे आहे त्याने क्रम उलटा धरावा, एवढेच आमचे सांगणे. आधी ब्रेक, मग स्प्रिंगा व टायर, मग रेडिएटर, मग मागचा आस, आणि सर्वांत शेवटी इंजिन. नवे इंजिन घेण्यापूर्वी त्याची अश्वशक्ती विचारण्याआधी वजन विचारावे. पत्रा कापण्यापूर्वी तो पुन्हा जोडता येईल का ते पाहावे. आणि जुने इंजिन भंगारात देऊ नये. तेल लावून, गुंडाळून, त्याच्या नंबरासकट जपून ठेवावे. मोटार आपल्यानंतरही कोणाची तरी असणार आहे.

त्या गृहस्थांनी मोटार पुन्हा उभी केली. या खेपेस पहिल्याच महिन्यात जाड तबकड्या आणि मजबूत चिमटे आले. निघण्यापूर्वी आम्ही त्यांच्या गॅरेजात गेलो होतो. जुने चार सिलिंडरांचे इंजिन कोपऱ्यात ताडपत्रीखाली होते. त्यावर मुलीने खडूने लिहून ठेवले होते, "बाबा, आधी ब्रेक."

आमच्या तासाभराच्या व्याख्यानातले सार तिने तीन शब्दांत सांगितले आहे.