एग्मोरची बोट मेल आणि श्रमाच्या पैशाचा परतीचा प्रवास

(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



चेन्नईच्या एग्मोर भागात दोन जुन्या वास्तू एकमेकींपासून फारशा दूर नाहीत. पँथिऑन रोडवरील कॉनेमारा सार्वजनिक ग्रंथालय १८९६ मध्ये खुले झाले, तर एग्मोरचे रेल्वे स्थानक १९०८ मध्ये. ग्रंथालयात विद्यार्थी अर्थशास्त्राच्या पुस्तकात ‘परदेशस्थ नागरिकांनी मायदेशी पाठविलेला पैसा’ हे प्रकरण वाचतात. स्थानकाच्या फलाटावर हेच प्रकरण काही दशके प्रत्यक्ष घडत होते. १९१४ मध्ये पांबनचा रेल्वे पूल खुला झाला आणि एग्मोरहून सुटणारी गाडी धनुष्कोडीच्या धक्क्यापर्यंत जाऊ लागली. तेथून आगबोटीने पाल्कची सामुद्रधुनी ओलांडायची, तलैमन्नारला उतरायचे आणि पुन्हा रेल्वेने कोलंबो गाठायचे. या प्रवासाला लोक ‘बोट मेल’ म्हणत. व्यापारी, कारकून, पेढ्यांचे मुनीम या मार्गाने श्रीलंकेत जात. चहा-रबराच्या मळ्यांवरील तमिळ मजुरांचे मोठे प्रवाह मंडपमच्या छावणीतून हीच सामुद्रधुनी ओलांडत.

माणसे त्या दिशेने गेली आणि पैसा उलट दिशेने आला. बँकेच्या भाषेत या पैशाला ‘रेमिटन्स’ म्हणतात. हा पैसा देशाला किती मिळाला, हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो. मात्र पाठविणाऱ्याने कमावलेल्या शंभर रुपयांपैकी त्याच्या घरी किती पोहोचले, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. विकासाच्या दृष्टीने या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक बोलके आहे.

एक चलन, एक पेढी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मद्रासहून रंगून किंवा कोलंबोला गेलेल्या माणसापुढे आजच्यासारखी चलनाची भिंत नव्हती. ब्रह्मदेश १९३७ मध्ये भारतापासून राजकीयदृष्ट्या वेगळा झाला. तरीही जपानी ताब्याचा काळ वगळता एप्रिल १९४७ पर्यंत भारतीय रिझर्व्ह बँकच त्या देशाची मध्यवर्ती बँक होती. श्रीलंकेचा रुपया दीर्घकाळ भारतीय रुपयाशी समान दराने जोडलेला होता. त्यामुळे चलन बदलताना होणारी घट नगण्य असे.

पैसा आणण्याचे मार्ग तीन होते. टपालाची मनीऑर्डर, गावी परतणारा नातेवाईक आणि नाट्टुकोट्टै चेट्टियारांची पेढी. चेट्टियार समाजाच्या पेढ्या ब्रह्मदेश, श्रीलंका आणि मलायात पसरल्या होत्या. रंगूनच्या पेढीत रोकड भरली की तिच्या आधारे लिहिलेली हुंडी कारैकुडीत वटविली जाई. नाणी समुद्र ओलांडत नसत. दोन पेढ्यांमधील देणे-घेणे पुढे व्यापाराच्या हिशेबात फेडले जाई. याच परंपरेतून १० फेब्रुवारी १९३७ रोजी एम. सीटी. एम. चिदंबरम चेट्टियार यांनी इंडियन ओव्हरसीज बँक स्थापन केली. कारैकुडी, मद्रास आणि रंगून येथील शाखा एकाच दिवशी सुरू झाल्या. परकीय चलनाचे व्यवहार आणि परदेशातील बँकिंग हाच तिचा घोषित हेतू होता. पेढीवरील विश्वासाला कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेचे रूप मिळाले, हा या घटनेचा खरा अर्थ.

१९६४ : कमाई सीमेवर अडते

स्वातंत्र्यानंतर प्रत्येक देशाने आपले चलन आणि आपले विनिमय नियंत्रण उभे केले. त्याची झळ सर्वांत आधी स्थलांतरितांना बसली. ब्रह्मदेशाने १९६३ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण केले आणि १९६४ मध्ये ५० व १०० क्यातच्या नोटा रद्द केल्या. तेथून मद्रास बंदरात उतरलेल्या अनेक कुटुंबांची आयुष्यभराची कमाई मागेच राहिली.

त्याच वर्षी, ३० ऑक्टोबर १९६४ रोजी, भारत आणि श्रीलंका यांच्यात सिरिमावो-शास्त्री करार झाला. ५ लाख २५ हजार लोकांना भारताने परत घ्यावे आणि ३ लाख लोकांना श्रीलंकेने नागरिकत्व द्यावे, हे आकडे विद्यार्थ्यांच्या पाठांतरात असतात. कराराचे एक कलम मात्र सहसा वाचले जात नाही. परतणाऱ्यांना भविष्य निर्वाह निधी आणि उपदानासह आपली मालमत्ता भारतात नेऊ द्यावी, आणि त्यासाठी प्रत्येक कुटुंबाला असलेली कमाल मर्यादा ४,००० रुपयांच्या खाली आणू नये, अशी तरतूद त्यात होती. पिढ्यान्‌पिढ्या मळ्यावर राबलेल्या मजुराची स्वतःची कमाई घरी नेण्यासाठी दोन सरकारांना कलम लिहावे लागले. पैसा कमावण्याचा हक्क आणि तो घरी नेण्याचा हक्क हे दोन वेगळे हक्क आहेत, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात धनुष्कोडी उद्ध्वस्त झाले आणि बोट मेलचा जुना मार्गही संपला.

पैसा प्रत्यक्षात कसा येतो

आज आखाती देशातून किंवा सिंगापूरहून पैसे पाठविणाऱ्यालाही वाटते, की आपली रक्कम तारेवरून प्रवास करते. प्रत्यक्षात प्रवास करतो तो संदेश. १९७३ मध्ये स्थापन झालेली आणि बेल्जियममध्ये मुख्यालय असलेली ‘स्विफ्ट’ ही संस्था बँकांमधील असे संदेश वाहून नेते. रक्कम मात्र बँकांनी एकमेकींकडे ठेवलेल्या खात्यांतून वळती होते. भारतीय बँकेने परदेशी बँकेत परकीय चलनात उघडलेले खाते ‘नोस्ट्रो’, तर परदेशी बँकेने भारतीय बँकेत रुपयांत उघडलेले खाते ‘व्होस्ट्रो’. मार्गात मध्यस्थ बँका असतील तर त्या प्रत्येक टप्प्यावर आपले शुल्क कापून घेऊ शकतात.

रिझर्व्ह बँकेच्या चौकटीत व्यक्तिगत रकमांसाठी दोन विशेष मार्ग आहेत. पहिला ‘रुपी ड्रॉइंग अरेंजमेंट’. यात आखाती देश, सिंगापूर, मलेशिया, हाँगकाँग येथील विनिमय गृहे भारतीय बँकेत व्होस्ट्रो खाते ठेवतात आणि त्यातून लाभार्थ्याला रुपये मिळतात. दुसरा ‘मनी ट्रान्सफर सर्व्हिस स्कीम’. हा केवळ बाहेरून आत येणाऱ्या व्यक्तिगत रकमांसाठी आहे. एका व्यवहारात कमाल २,५०० अमेरिकी डॉलर आणि एका लाभार्थ्याला एका वर्षात कमाल ३० व्यवहार, अशी त्याची मर्यादा आहे. रोखीने ५० हजार रुपयांपर्यंतच देता येतात, त्यापुढील रक्कम बँकेमार्फत द्यावी लागते. २१ फेब्रुवारी २०२३ पासून भारताची यूपीआय आणि सिंगापूरची पेनाऊ या प्रणाली जोडल्या गेल्या. त्यामुळे भ्रमणध्वनीवरून अल्प रक्कम तत्काळ पाठविणे शक्य झाले.

हवाल्याची रचना जुन्या हुंडीसारखीच दिसते. मात्र आजच्या कायद्यात तिला स्थान नाही. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ हा १ जून २००० पासून लागू झाला आणि त्याने १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याची जागा घेतली. अधिकृत व्यक्तीखेरीज अन्य मार्गाने अनिवासी व्यक्तीच्या वतीने पैसे स्वीकारण्यास या कायद्याच्या तिसऱ्या कलमाने मनाई केली आहे. हवाल्यात रक्कम बुडाली तर दाद मागायला जागा नाही, आणि ती रक्कम कोणत्या गैरव्यवहारातून आली हे कुटुंबाला कळतही नाही. तरीही लोक तिकडे वळतात. त्यामागे बहुधा अधिकृत मार्गाचा खर्च, अंतर किंवा कागदपत्रांची अडचण असते. म्हणून हवाल्यावरील उपाय केवळ शिक्षेत शोधता येत नाही.

लहान रकमेवर मोठा भार

पैसे पाठविण्याचा खर्च दोन भागांत असतो. पावतीवर छापलेले शुल्क दिसते. बाजारातील विनिमय दर आणि ग्राहकाला दिलेला दर यांतील फरक मात्र दिसत नाही. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. बाजारात एका दिरहमचा दर २३ रुपये आहे. विनिमय गृह २२ रुपये ६० पैसे देते आणि रक्कम कितीही असली तरी २० दिरहम शुल्क घेते. वरिष्ठ अभियंता ४,००० दिरहम घेऊन येतो. शुल्क वजा जाता ३,९८० दिरहमचे ८९,९४८ रुपये त्याच्या घरी पोहोचतात. बाजारभावाने ते ९२,००० व्हायला हवे होते. घट सुमारे २.२ टक्के. बांधकाम मजूर ५०० दिरहम घेऊन येतो. त्याच्या घरी ११,५०० ऐवजी १०,८४८ रुपये पोहोचतात. घट सुमारे ५.७ टक्के. खिडकी एकच, दर एकच, शुल्क एकच. तरीही ज्याच्याकडे कमी आहे त्याचा वाटा अधिक जातो.

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी दहावे उद्दिष्ट विषमता कमी करण्याचे आहे. त्यातील ‘१०-क’ हे लक्ष्य सांगते, की २०३० पर्यंत स्थलांतरितांच्या रकमा पाठविण्याचा खर्च तीन टक्क्यांहून कमी व्हावा आणि पाच टक्क्यांहून अधिक खर्चाचे मार्ग संपावेत. जागतिक बँकेच्या २०२५ मधील पाहणीनुसार २०० डॉलर पाठविण्याचा जागतिक सरासरी खर्च सुमारे साडेसहा टक्के होता. हे लक्ष्य बँकिंगच्या प्रकरणात नव्हे, तर विषमतेच्या प्रकरणात का ठेवले आहे, याचे उत्तर वरील दोन पावत्यांत आहे.

व्यवहारतोलातील स्थान

विद्यार्थ्यांचा येथे अनेकदा गोंधळ होतो. कुटुंबाच्या निर्वाहासाठी आलेली रक्कम व्यवहारतोलाच्या चालू खात्यात, खासगी हस्तांतरणात मोजली जाते. ती परत करावयाची नसते. अनिवासी भारतीयांच्या ठेवी मात्र भांडवली खात्यात येतात, कारण त्या देशाचे देणे असतात. अशा ठेवीतून कुटुंबाने देशातच खर्चासाठी रुपये काढले की ती रक्कम खासगी हस्तांतरण ठरते.

हा भेद १९९१ मध्ये देशाने अनुभवला. आखाती युद्धामुळे तेल महागले, तेथील भारतीयांना परतावे लागले आणि अनिवासी भारतीयांच्या ठेवी झपाट्याने बाहेर गेल्या. परकीय चलनाची गंगाजळी आटली आणि देशाला सोने गहाण ठेवावे लागले. याउलट २०२० च्या महासाथीत भारतात येणारा हा पैसा मोठ्या प्रमाणात घटेल असे जागतिक बँकेचे अनुमान होते. प्रत्यक्षात तो सुमारे ८३ अब्ज डॉलरवर जवळपास स्थिर राहिला. ठेवीदार व्याज आणि जोखीम पाहतो. आईच्या औषधासाठी पैसे पाठविणारा मुलगा संकटात उलट हात आखडता घेत नाही.

बदलता नकाशा

रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०१०-११ मध्ये ५५.६ अब्ज डॉलर असलेली ही आवक २०२३-२४ मध्ये ११८.७ अब्ज डॉलर झाली. त्या वर्षी अमेरिकेचा वाटा २७.७ टक्के, तर संयुक्त अरब अमिरातीचा १९.२ टक्के होता. राज्यांमध्ये महाराष्ट्र २०.५ टक्क्यांसह पहिला, केरळ १९.७ टक्क्यांसह दुसरा आणि तमिळनाडू १०.४ टक्क्यांसह तिसरा होता. रत्नागिरीच्या घरात चाकरमान्यांच्या मनीऑर्डरीचे जे स्थान होते, त्या स्थानी अनेक गावांत आखाताची रक्कम आली. त्यात आता संगणक व्यावसायिकांच्या डॉलरची भर पडली आहे. बोट मेलच्या काळातील मजुराचा नकाशा कुशल मनुष्यबळाच्या नकाशाला जागा देत आहे.

नवे अडथळेही उभे राहत आहेत. अमेरिकेने २०२५ मध्ये केलेल्या कायद्यानुसार १ जानेवारी २०२६ पासून रोखीने, मनीऑर्डरने किंवा तत्सम साधनाने बाहेर पाठविल्या जाणाऱ्या रकमांवर एक टक्का कर लागू झाला. बँक खात्यातून जाणाऱ्या रकमा त्यातून वगळलेल्या आहेत. म्हणजे ज्याच्याकडे खाते नाही, तोच कर भरणार.

पुढची दिशा

देशात आलेल्या डॉलरची बेरीज वाढत आहे, ही समाधानाची बाब आहे. तथापि, धोरणाचे यश या बेरजेवर न मोजता सर्वांत लहान रक्कम पाठविणाऱ्याच्या पावतीवर मोजले पाहिजे. त्यासाठी तीन गोष्टी हाती घेता येतील. परदेशी निघण्यापूर्वीच्या प्रशिक्षणात प्रत्येक कामगाराचे बँक खाते उघडून द्यावे आणि अनिवासी झाल्यावर ते योग्य प्रकारात बदलण्याची माहिती द्यावी. शुल्क आणि दरातील फरक मिळून एकूण खर्च रुपयांत, त्याच्या भाषेत, व्यवहारापूर्वी दाखविला जावा. आणि सिंगापूरसारखी थेट जोडणी ज्या देशांत मजूर अधिक आहेत त्या देशांशी प्राधान्याने व्हावी.

रामेश्वरमकडे जाणाऱ्या गाडीला जुनी माणसे आजही बोट मेल म्हणतात, पण धनुष्कोडीचा धक्का आता नाही. परदेशी जाणारे आता विमानतळावरून निघतात. त्यांच्या मागे राहणारे घर मात्र बदललेले नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तेथे कोणी तरी खात्यात किती जमा झाले ते पाहत असते. परदेशात गाळलेल्या घामाचे मोल त्या आकड्यात पूर्ण उतरावे, हीच या विषयाच्या अभ्यासाची कसोटी आहे.